ड्रायरखालची घडवंची

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

हातातलं काम सोडून बसू नका, काम करता करताच ऐका. मे महिना आहे, रतांबे फोडायचे दिवस, कुणाचेच हात रिकामे नसणार हे मला ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या गटाच्या सात-आठ जणी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा विजेवरचा ड्रायर मंजूर झालाय, म्हणून आमचा बघायला आल्या. दार उघडून ट्रे मोजले, काटा किती अंशांवर ठेवायचा ते विचारलं, एका वेळी किती किलो माल मावतो ते वहीत लिहून घेतलं. निघताना मी विचारलं, "ठेवणार कशावर?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक जण म्हणाली, "ठेवू की चार चिऱ्यांवर."

चार चिऱ्यांवर ठेवल्यावर काय होतं ते आम्ही भोगलंय. म्हणून आज ड्रायरबद्दल न बोलता ड्रायर ज्याच्यावर उभा राहतो त्याच्याबद्दल बोलणार आहे. आमच्या काकी त्याला घडवंची म्हणतात. पूर्वी पाण्याचे हंडे ठेवायला घराघरात लाकडी घडवंची असायची, तीच. वेल्डरदादा त्याला स्टँड म्हणतात. तुम्ही काहीही म्हणा.

ज्यांनी ड्रायर बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. हे वाळवणाचं विजेवरचं कपाट. आत जाळीचे ट्रे, मागे हीटर आणि पंखा. गरम वारा सगळ्या ट्रेवरून फिरतो आणि ओलावा वरच्या झरोक्यातून बाहेर जातो. आमचं कपाट १२ ट्रेचं आहे. उंची ४२ इंच, रुंदी आणि खोली २४-२४ इंच. रिकाम्याचं वजन ६० किलो. प्रत्येक ट्रेवर साधारण दोन किलो ओला माल, म्हणजे भरल्यावर ८४ किलो. एक जाडजूड माणूस उभा आहे म्हणा ना.

कोकणात हे यंत्र कशाला हवं, आमच्याकडे काय ऊन नाही? ऊन आहे, पण रतांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि मेच्या मध्यापासून वळवाच्या पावसाचा नेम नाही. आमसुलं करणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. सालं वेगळी करायची, गराच्या रसात मीठ घालून त्यात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. अशी पुटं चढतील तेव्हा आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. दोन पुटं झाली आणि तिसऱ्याला आभाळ आलं की जीव टांगणीला लागतो. अंगणातून माल पडवीत, पडवीतून अंगणात, दिवसातून चार वेळा. पुढे फणसाचे गरे, ते तर ऐन पावसाच्या तोंडावर. म्हणून आम्ही ११ जणींनी ड्रायर घ्यायचं ठरवलं.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्राच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं, आणि बचत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल, हे तुम्ही याआधीच्या कार्यक्रमांत ऐकलं असेल. त्याची कागदपत्रं आज सांगत बसत नाही. एवढंच सांगते की आमच्या कोटेशनमध्ये यंत्र होतं, वाहतूक होती, कर होता. खाली काय ठेवायचं आणि वीज कशी आणायची, याचा एक रुपयासुद्धा त्यात नव्हता. कोटेशन मीच तीन वेळा वाचलं होतं.

यंत्र जानेवारीत आलं. आमच्या एका वहिनींची मागची पडवी मोठी आहे, त्यांनी जागा दिली. चार चिरे मांडले, वर जुन्या दाराची फळी टाकली, फळीवर कपाट. नारळ फोडला, फोटो काढला. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवग्याचा पाला, कच्ची केळी असं सुकवलं, एकदम छान. एप्रिलमध्ये आमसुलं सुरू झाली, तीही पहिली पुटं चांगली गेली.

मग पाऊस आला. पडवीची कड नुसती चोपून घेतलेली माती आहे. पागोळ्यांचं पाणी आत मुरत गेलं आणि पुढचा डावा चिरा हळूहळू खचला. किती? बोटभर. एक बोट खचलं तर काय बिघडतं, असं वाटेल तुम्हाला. आम्हालाही तेच वाटलं. पण पत्र्याचं कपाट तिरकं उभं राहिलं की पिळवटतं, आणि पिळवटलं की त्याचं दार नीट बसत नाही. वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट पडली होती. गरम वारा तिथून बाहेर, मग उजवीकडचा माल कडक आणि डावीकडचा दमट. आम्ही काय केलं? दाराला सुतळी बांधली. वरून जास्त वेळ यंत्र चालवलं. बिल वाढलं ते वेगळंच. आणि जूनच्या शेवटी डबे उघडले तर ११ किलो आमसुलांना पांढरी बुरशी. साडेतीन हजारांचा माल गांडूळखताच्या खड्ड्यात गेला.

त्या दिवशी बैठकीत सगळ्यांनी यंत्राला नावं ठेवली. कंपनीला शिव्या घातल्या. मीही घातल्या. खाली वाकून चिरे कुणीच बघितले नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ते झालं. सकाळची वेळ, रात्रभर पाऊस. वहिनी अनवाणी, ओल्या भुईवर उभ्या राहून ट्रे पुसत होत्या. यंत्र चालूच होतं. दुसऱ्या हाताने दाराला धरलं आणि झटका बसला. हात आपोआप फेकला गेला म्हणून बरं. त्या मागच्या मागे पडल्या. त्यांची मुलगी नववीतली, तिने आईला हात न लावता आधी धावत जाऊन मेन स्विच खाली पाडला. हे शाळेत शिकवलेलं तिच्या लक्षात राहिलं. आम्ही त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी तपासलं, दुपारपर्यंत ठेवून घेतलं. काही झालं नव्हतं. खांद्याला मार, आणि चार दिवस बोटांना मुंग्या.

संध्याकाळी वहिनींचे यजमान म्हणाले, "आजच्या आज हे कपाट माझ्या घरातून उचला." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वीजबिलही त्यांच्याच नावावर येत होतं, त्यावरून आधीच कुरबुर होती. दुसऱ्या दोघी म्हणाल्या आम्ही गटातून नाव कमी करतो. कर्जाचे हप्ते तर चालूच. यंत्र बंद, माल नाही, हप्ता मात्र दर महिन्याच्या ७ तारखेला. मी समन्वयक, इतर गावांतल्या गटांना हिशोब शिकवते, आणि माझाच गट मोडायला निघाला होता. त्या रात्री मला झोप आली नाही हे कबूल करायला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक, चिरा खचला तेव्हा फळी सरकली आणि तिच्या कडेखाली यंत्राची केबल दाबली गेली होती. पंखा चालतो तेव्हा कपाट बारीक थरथरत असतं. त्या थरथरण्याने फळीची कड केबलचं रबर रोज थोडं थोडं खात होती. शेवटी आतली तार पत्र्याला टेकली. दुसरी गोष्ट याहून वाईट. भिंतीवरच्या सॉकेटला तीन भोकं होती, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे तारच नव्हती. अर्थिंग नव्हतंच. तीन पिनांचा प्लग घातला म्हणजे अर्थिंग झालं, असं आम्ही समजत होतो. मी बी.ए. झालेली, मराठी घेऊन. करंटबद्दल दहावीत वाचलं त्यानंतर आजच.

अर्थिंग म्हणजे काय ते वायरमननी सांगितलं तसंच सांगते. गळकी वीज जमिनीत जायला वाट शोधते. तुम्ही तिला तांब्याची सोपी वाट करून दिलीत तर ती तिकडून जाते. नाही दिलीत आणि तुम्ही ओल्या भुईवर उभं राहून पत्र्याला हात लावलात, तर ती वाट म्हणजे तुम्ही.

म्हणून घडवंचीच्या आधी वीज. आमच्या यंत्राचा हीटर २ किलोवॅटचा आहे, म्हणजे साधारण ९ अँपिअर करंट ओढतो. मोबाइल लावतो त्या छोट्या सॉकेटचं ते काम नाही. १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आणि मीटरपासून वेगळी जाड तार लागते. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. आमच्याकडे वायरमननी तीन कामं केली. मोरीच्या बाजूला, जिथे जमीन बाराही महिने ओली असते, तिथे अर्थिंगचा खड्डा घेतला. आपल्याकडे खाली जांभा, कोरडा जांभा वीज लवकर ओढून घेत नाही, म्हणून ओली जागा बघायची आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहायचं. मग बोर्डात आरसीसीबी बसवला, ३० मिलीअँपिअरचा. वीज कुठे गळायला लागली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. त्याच्यावर एक छोटं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघायचं, खटका पडला म्हणजे तो जिवंत आहे. आम्ही ते बैठकीच्या दिवशी दाबतो. तिसरं, सब-मीटर. वहिनींच्या घरचं बिल वेगळं, गटाचं वेगळं. या सब-मीटरने यजमानांचा अर्धा राग घालवला, ते पुढे सांगते.

ही कामं आपण स्वतः करायची नाहीत. मुलगा आयटीआयला जातो, तो करील, असंही नाही.

आता घडवंची. पहिल्यांदा आम्ही सोपा मार्ग धरला. एकीच्या घरी जुनं टेबल पडून होतं, ३० इंच उंच, सागवानी, मजबूत. त्याच्यावर कपाट चढवलं. दिसायला इतकं छान की यजमानही म्हणाले, हे आधी का नाही केलं. पण आमच्या काकी उंचीने ४ फूट ९ इंच. वरचा ट्रे त्यांच्या डोक्याच्याही वर १० इंच. त्या म्हणाल्या, "माझो हात थंय पोचणा नाय, आणि पाटार चढान काम करूचा म्हटला तर माका गरगरता." काकींचं वय ६१. गटात सगळ्यात चांगली आमसुलं त्यांचीच, कुठलं पुट कधी थांबवायचं ते बोटाने दाबून सांगतात. त्यांनाच ट्रे दिसत नसेल तर यंत्र काय कामाचं? आणि गरम ट्रे डोक्यावरून काढायचा म्हणजे रस अंगावर, नाहीतर डोळ्यात.

आठव्या दिवशी आणखी एक प्रकार झाला. घाईघाईत तिघींनी वरचे तीन ट्रे एकदम अर्धे बाहेर ओढले. सगळं वजन पुढे आलं आणि कपाट पुढे झुकलं. दोघींनी खांदा लावला म्हणून वाचलं. टेबल परत गेलं.

मग मी वही काढली. आधी माणसं मोजू, मग लोखंड. पडवीच्या खांबाला एकेकीला पाठ लावून उभं केलं आणि गेरूने खुणा केल्या, खांदा कुठे, गुडघा कुठे. अकरा जणींच्या बावीस खुणा. पोरं हसत होती. वेल्डरदादा आले होते, तेही हसत होते. म्हणाले, "ताई, स्टँडचं माप ठरलेलं असतं, अडीच फूट." मी म्हटलं, "दादा, ते माप कुणी ठरवलं? तुम्ही ठरवलेल्या उंचीवर काम आम्हाला करायचंय." त्यांना राग आला नाही. चहा घेतला आणि खांबाजवळ येऊन बसले.

हिशोब असा. आमच्या कपाटात सगळ्यात खालचा ट्रे तळापासून ५ इंचांवर आहे, सगळ्यात वरचा ३७ इंचांवर. काकींचा खांदा ४७ इंचांवर. ४७ मधून ३७ गेले, उरले १०. म्हणजे घडवंची १० इंच केली तर वरचा ट्रे बरोबर काकींच्या खांद्याला. पण मग खालचा ट्रे १५ इंचांवर येतो आणि आमच्या अध्यक्षा, ज्या ५ फूट ६ इंच आहेत, त्यांची कंबर मोडते. त्यांना मणक्याचा त्रास आहे. यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी १२ इंच ठरलं. वरचा ट्रे ४९ इंचांवर, काकींच्या हनुवटीला लागतो, पण हात पोचतो आणि आतलं दिसतं. खालचा १७ इंचांवर, आणि खालचे चार ट्रे छोट्या स्टुलावर बसूनच भरायचे, उभ्याने वाकून नाही. आमचा निम्मा वाद त्या स्टुलाने मिटवला, हे आता हसू येण्यासारखं वाटतं.

कशाची करायची? लाकूड आपल्याकडे मिळतं, पण खाली ओल, वाळवी लागायला एक पावसाळा पुरे. चिऱ्याचा बांधीव ओटा करता आला असता, तो सगळ्यात भक्कम. पण पडवी वहिनींची. उद्या यंत्र दुसरीकडे न्यायचं ठरलं तर ओटा कुणाचा? मी उघडच सांगते, लोखंड घेण्याचं आमचं खरं कारण हेच होतं. उचलून नेता येईल अशी वस्तू असली की यंत्र गटाचं राहतं आणि घर घरवाल्यांचं.

तर ३५ मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल घेतला. मापं वहीत लिहून घ्या. वरच्या चौकटीला २५ इंचांचे चार तुकडे. अँगलची एक बाजू वर उभी ठेवायची, म्हणजे कपाट ताटलीत बसवल्यासारखं चौकटीच्या आत बसतं आणि सरकत नाही. आमचं कपाट २४ इंचांचं, चौकट आतून साडेचोवीस. चौकटीच्या मध्ये आडवे दोन तुकडे, तेही २५ इंचांचे, नाहीतर तळाचा पत्रा वजनाने खाली झोळतो. पाय चार, ११ इंचांचे. मागच्या दोन पायांना जोडणारा एक आडवा, २५ इंचांचा. आणि पायांखाली दोन तळपट्ट्या, ३६-३६ इंचांच्या, पुढून मागे जाणाऱ्या, बैलगाडीच्या साट्याला लांब दांडे असतात तशा. सगळं मिळून सव्वाचोवीस फूट लोखंड. कापताना वाया जातं ते धरून २५ फूट घ्या.

या तळपट्ट्या टेबलावर झालेल्या फजितीमुळे सुचल्या. पट्टी पुढे ६ इंच आणि मागे ५ इंच जास्त ठेवली आहे. ट्रे बाहेर ओढल्यावर वजन पुढे आलं तरी पट्टी पुढे असल्यामुळे कपाट कलंडत नाही. मागच्या ५ इंचांचा फायदा वेगळाच. कपाट भिंतीला चिकटवून ठेवायची आपल्याला खोड असते. आता पट्टीच भिंतीला टेकते, म्हणून मागे वाऱ्याला जागा राहते आणि केबल चेपत नाही. कुणाला ओरडावं लागत नाही. तोटा एकच, पुढच्या पट्ट्यांना अंगठे ठेचतात. टोकांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे, तरी ठेचतात.

पट्ट्यांच्या चारही टोकांना नट वेल्ड करून खालून बोल्ट घातलेत. बोल्ट फिरवला की तो कोपरा वर किंवा खाली होतो. बोल्टमुळे साधारण इंचभर उंची वाढते, म्हणून पाय १२ ऐवजी ११ इंच कापले. कपाट चढवायच्या आधी घडवंचीवर परात ठेवायची आणि परातीत पाणी घालायचं. पाणी सगळीकडून काठाला सारखं दिसेपर्यंत बोल्ट फिरवत राहायचं. गवंड्याची लेव्हल असेल तर उत्तमच, पण परात पुरते. पहिल्या पावसानंतर परत एकदा बघायचं. आता बोल्टखाली फरशीचे तुकडे बसवलेत आणि फरशीवर जुन्या टायरच्या चपलेचे तळवे. त्याने थरथर कमी झाली, आवाजही.

इथे एकीने प्रश्न काढला, चांगला होता. खाली रबर आहे, मग झटका बसणारच नाही, अर्थिंगला कशाला पैसे घालवायचे? तसं नाही. रबर यंत्राच्या पायाखाली आहे, तुमच्या पायाखाली नाही. पत्र्यात वीज उतरली आणि रबरामुळे तिला जमिनीत जाता आलं नाही, तर ती तिथेच तुमची वाट बघत बसते. म्हणून वायरमननी यंत्राच्या अर्थिंगची एक हिरवी तार घडवंचीच्या लोखंडालाही बोल्टने जोडून दिली आहे. रंग लावताना ती जागा खरवडून ठेवायची, रंगावरून जोड धरत नाही.

दुसरा घोळ काकींचा. मुंग्या चढू नयेत म्हणून त्यांनी चारही बोल्टखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या, फडताळाच्या पायांना ठेवतात तशा. पद्धत जुनी आणि चांगली, पण विजेच्या यंत्राखाली पाणी नको. वाट्या काढल्या, हळदीची रेघ ओढली. मुंग्या थोड्या येतातच.

रंगाचं मी मनावर घेतलं नव्हतं. रेड ऑक्साइडचा एकच हात मारला होता. रतांब्याचा रस आंबट, वरून मीठ, त्यात आपली हवा. दोन महिन्यांत वेल्डिंगच्या सांध्यांना तांबेरा चढला. खरवडून दोन हात रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट असं परत करावं लागलं. तुम्ही पहिल्याच वेळी करा. आणि पुसताना स्विच बंद करून थांबू नका, प्लगच काढून ठेवा.

शेवटी भिंतीला हूक मारून साखळीने कपाट मागून बांधलं. पडवीच्या कडेपासून तीन फूट आत घेतलं. सॉकेटला जाणारी केबल आधी खाली झोळ घेऊन मग वर जाते, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. पावसाच्या झडीला ताडपत्री पडवीच्या कडेला टांगायची, चालू यंत्रावर पांघरायची नाही. वरचा झरोका बंद झाला की ओलावा आतच घुमतो.

लोखंड, वेल्डिंग, बोल्ट, रंग, सगळा खर्च २,३५० रुपये आला. त्यातलं निम्मं लोखंड जुन्या टाकीच्या मोडक्या स्टँडचं होतं, म्हणून. विजेच्या कामाला याच्या तिप्पट गेले. ते पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून काढले, आणि तेव्हाही दोघींनी तोंडं वाकडी केली. ११ किलो आमसुलं आणि दीड महिना बंद राहिलेलं यंत्र यांचा हिशोब त्याच पानावर लिहिला, तेव्हा सह्या झाल्या.

गणपतीच्या आधी आठ दिवस यंत्र परत चालू झालं. दार बोटाने ढकललं तरी टक्कन बसलं. सब-मीटरचा आकडा आम्ही घाण घालताना आणि काढताना लिहितो. आमच्याकडे भरलेल्या ट्रेच्या एका खेपेला घाण म्हणतात. दाराला फट होती तेव्हाच्या घरच्या मीटरवरून अंदाज काढला तर आठ तासांच्या घाणीला १५ युनिट जात होते. २ किलोवॅटचा हीटर आठ तास सलग चालला तर १६ होतात, म्हणजे तो जवळपास बंदच पडत नव्हता, सगळी ऊब अंगणात जात होती. आता १०-११ जातात. हे आकडे घेऊन मी वहिनींच्या यजमानांकडे गेले. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पडवीच्या त्या कडेला त्यांनी स्वतः चिऱ्यांची ओळ लावून पागोळ्यांचं पाणी वळवून दिलं.

नाव कमी करते म्हणालेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरी आली नाही, तिची बचत व्याजासकट परत दिली. तिची जागा वहिनींच्या जाऊबाईंनी घेतली.

आमचे आता यंत्राजवळचे नियम फार नाहीत. पायात कोरडी चप्पल, हात कोरडे. एका वेळी एकच ट्रे बाहेर. भरताना खालून वर भरायचं, म्हणजे वजन खाली राहतं. रिकामं करताना वरून खाली. दुसरी बाई जवळ असल्याशिवाय रात्री घाण घालायची नाही. आणि मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवायचं, हे वहिनींच्या मुलीमुळे.

शेजारच्या गावातल्या त्या मैत्रिणींनो, तुम्ही ऐकत असाल तर एक सांगायचं राहिलं. तुमचं कपाट ६ ट्रेचं आहे ना? मग आमची १२ इंचांची घडवंची उचलून नेऊ नका, ती तुम्हाला बुटकी होईल. तळापासून वरच्या ट्रेपर्यंत किती इंच आहेत ते मोजा, आणि तुमच्यातली सगळ्यात बुटकी कोण ते बघा. बुधवारी दुपारी मी टेप घेऊन तुमच्याकडे येते. वेल्डरदादाही येतो म्हणालेत. गेरू मात्र तुम्ही आणून ठेवा.